येणे बाकी

असोळण्याच्या पुलाअलीकडे आमचा बर्फाचा कारखाना.
पहाटे तीनला साच्यातून लादी सुटते,
फरशीवर आपटते,
आणि झोपेतही मला कळतं, आणखी एक बिल झालं.

बर्फ उधार देऊ नये, सासरे म्हणायचे.
लाकूड द्यावं, पत्रे द्यावेत,
जाऊन बोट तरी ठेवता येतं, हे माझं म्हणून.
बर्फाचं काय दाखवणार?
कुटबणच्या धक्क्यावर दुपारपर्यंत ओल,
तीही बांगड्याच्या वासाची.

तरी दिला. सगळेच देतात.
रुझारच्या 'फातिमा-दोन'ला
चारशे बारा लाद्या, दर दीडशे.
एकसष्ट हजार आठशे.
फळदेसाईंनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या
आणि चष्मा पुसत बसले.

त्यांचा हिशेब सरळ आहे:
तीस दिवसांनी फोन, साठ दिवसांनी पत्र,
नव्वदाव्या दिवशी मडगाव.
मडगाव म्हणजे जुन्या बाजारात
झेरॉक्सच्या दुकानावरचा वसुलीवाला.
शंभरातले पंचवीस त्याचे,
वैर मात्र सगळं आपलं.

नव्वदावा दिवस आला, गुरुवार होता.
मी फाईल काढली, त्यातली टाचणी काढली,
परत लावली.
कोलव्याचं हॉटेल तर एकशे चाळीस दिवस मागे.
पण त्यांचा अकाउंटंट फोन उचलतो.
खोटं बोलतो, तरी उचलतो.
"चेक सहीला गेलाय, बाय."
सही करणारा कुठल्या देशात राहतो कुणास ठाऊक,
पण खोटं बोलायला माणूस अजून समोर आहे
तोवर मी थांबते.

रुझारही आधी यायचा.
दारात चपला काढून, टोपी हातात,
पंखा अडकला, जाळं फाटलं, खलाशी गावी पळाले,
"फाल्यां दितां, बाय. देवाची आण."
मला त्या उद्याचा राग नव्हता.
उद्या हा शब्दही कुणी फुकट आणून देत नाही,
चालत यावं लागतं त्यासाठी.

मग तो यायचा थांबला.
चौऱ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभरी भरली
तेव्हा फळदेसाई म्हणाले, पेढे वाटू का?

एकशे सातव्या दिवशी मी धक्क्यावर गेले, दुसऱ्याच कामाला.
चिंचोण्याच्या कारखान्याची गाडी उभी होती,
निळी ताडपत्री, खाली लाद्या,
त्या एकामागून एक 'फातिमा'च्या पोटात उतरत होत्या,
आणि ड्रायव्हर थुंकी लावून नोटा मोजत होता.

रोख.

रुझारनं मला पाहिलं.
मग वाकून बांधलेलाच दोर परत बांधू लागला.

म्हणजे पैसे नव्हते असं नाही.
माझ्यासाठी नव्हते.
घरी येईपर्यंत एवढंच डोक्यात होतं,
आणि पुलावर दुसरंही एक आलं:
माझ्या वहीच्या लाजेनंच त्याला
चिंचोण्याला पाठवलं असेल का?
उधारी इतकी वाढू दिली
की माझ्या दारात येणंच महाग झालं.
हेही खरं असेल.
खरं असलं तरी विजेचं बिल शुक्रवारी आहे,
आणि वीज खातं लाजत नाही.

संध्याकाळी फॉर्म भरायला घेतला.
नाव, वडलांचं नाव, होडीचा नंबर,
येणे बाकी: आकड्यात, अक्षरी.
शेवटी एक रकाना होता:
देणेकरी हमखास कुठे आणि केव्हा भेटेल.

मला ठाऊक होतं.
रविवारी मिस्सा आटोपल्यावर,
घराच्या बालकांवावर,
लविनाच्या वेण्या घालत असतो.
बायको कुवेतला. वेण्या नेहमी वाकड्या.

फळदेसाई पेन धरून थांबले.

धक्का लिहा, मी म्हटलं.
कुटबण. पहाटे चार.

त्यांनी लिहिलं. वर पाहिलं नाही.

आणि उद्या मडगावला फोन लावून विचारा,
मी म्हटलं,
पंचवीसचे वीस करतो का.